बेरजेच्या राजकारणात आपण कोठे होतो?

१९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली होती. संयुक्त महाराष्ट्र समितीत आपले शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनही होते आणि दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेवर गेले. मग अवघ्या पाच वर्षांत, १९६२ साली, त्याच काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा कशा मिळवल्या? रिपब्लिकन पक्षाच्या पदरी आल्या त्या फक्त ३!

राज्य मिळाले, समितीचे काम संपले, मंगलकलशाचे श्रेय यशवंतराव चव्हाणांना गेले, हे तर झालेच. पण तेवढ्यावर कोणी पिढ्यान्‌पिढ्या सत्तेत राहत नाही. मी पेशाने कारकून, मला खाते-वही बघायची सवय. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पीककर्ज सोसायटीतून, सोसायटीला पैसा जिल्हा बँकेतून, ऊस कारखान्याला, मास्तरची बदली जिल्हा परिषदेतून. आणि सगळीकडे बहुधा एकाच पक्षाची माणसे. मतपेटी पाच वर्षांनी येते, सोसायटीचे दार मात्र दर पेरणीला ठोठवावे लागते.

विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साथीने प्रवरेला कारखाना उभारला तो सावकारी पाशातून शेतकरी सुटावा म्हणून. ते काम मोठेच. परंतु सभासद व्हायचे तर ऊस हवा, उसाला पाणी हवे आणि त्याआधी जमीन हवी. माझे आजोबा दर दिवाळीनंतर कोयता घेऊन ऊसतोडीला जात. साखरेत त्यांचा घाम होता, भागधारकांच्या वहीत नाव नव्हते.

यशवंतराव आपल्या धोरणाला बेरजेचे राजकारण म्हणत. शेतकरी कामगार पक्षातले यशवंतराव मोहिते १९६० मध्ये काँग्रेसमध्ये आले, इतरही आले. आपल्यालाही त्या बेरजेत धरले गेले. महार वतन रद्द व्हावे म्हणून बाबासाहेबांनी १९२८ साली विधेयक मांडले होते; तो कायदा यशवंतरावांच्या कारकिर्दीत १९५८ साली झाला. बौद्धांना राज्याच्या सवलती १९६० मध्ये मिळाल्या, केंद्राला त्यासाठी १९९० उजाडावे लागले. हे उपकार नव्हेत, हक्कच. तरी ते देणारा कोण होता हे नाकारण्यात अर्थ नाही.

मात्र १९६७ च्या सुमारास दादासाहेबांच्या गटाने काँग्रेसशी समझोता केला आणि पुढे आपला एकेक गट वेगवेगळा सौदा करू लागला. भूमिहीनांच्या जमिनीसाठी १९५९ आणि १९६४ साली तुरुंग भरणाऱ्या पक्षाला मग एखाद-दुसऱ्या जागेसाठी ताटकळत बसावे लागले. १९७२ साली दलित पँथरची पोरे चिडून रस्त्यावर आली, ती याच लाचारीला विटून.

काँग्रेस १९७८ साली फुटली, १९८० साली पुन्हा सावरली. १९९५ मध्ये मात्र ती ८० जागांवर आली आणि युतीचे सरकार झाले. त्या निवडणुकीत ४५ अपक्ष जिंकले. त्यांतले बरेच काँग्रेसचेच बंडखोर होते, आणि त्यांच्यातल्या अनेकांनी युतीला पाठिंबा दिला. सरकार बदलले, कारखान्यांच्या संचालक मंडळांवरची आडनावे बहुतेक ठिकाणी तीच राहिली.