गुण्यागोविंदाने!

सोमवार ते शुक्रवार आपण काय बनवतो? एक्सेल शीट, प्रेझेंटेशन, कोड, आणि उशीर झाला की कारणं! हातात धरून ‘हे मी केलं’ असं दाखवता येईल असं त्यात काहीच नसतं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. म्हणजे दुसऱ्याच्या कामातल्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे घरी पुस्तकांचं शेल्फ स्वतः करायचं ठरवलं, तेव्हा पहिला प्रश्न टेस्टरचाच पडला. कोपरे काटकोनात आहेत, हे सांगणार कोण?

सुताराकडे याचं उत्तर तयार असतं. गुण्या! जाड दांडा, त्यात काटकोनात बसवलेलं पातळ पातं, बस्स. पण त्याचा रुबाब मोठा. कोन एका डिग्रीने चुकला, तर ६० सेंटिमीटरच्या फळीला टोकाशी जवळपास १ सेंटिमीटरचा फरक पडतो. मग शेल्फ डुलणारच.

दुकानात स्टीलचा गुण्या तयार मिळतो, मग घरी कशाला? एक तर शिसवी लाकूड आणि पितळ ही जोडी दिसते सॉलिड. दुसरं म्हणजे, तो करताना खरा फंडा कळतो. त्याकडे येऊच.

सामान

शिसवीचा एक वाळलेला तुकडा, साधारण ११ सेंटिमीटर लांब, ५ रुंद, २ जाड. पात्यासाठी २ मिलिमीटर जाडीची सरळ पितळी पट्टी, दांड्याच्या आतल्या कडेला लावायला दुसरी पट्टी, छोटे पितळी स्क्रू, इपॉक्सी. पुण्यात असाल तर भवानी पेठेतलं टिंबर मार्केट आणि बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट. शनिवारची दुपार मस्त जाते.

कृती

दांड्याची आतली कड रंध्याने सरळ करा. तिच्यावर पितळी पट्टी स्क्रूने बसवा, म्हणजे रोजच्या घासण्याने लाकूड झिजणार नाही. इथे एक टीप. शिसवी कठीण आणि पितळी स्क्रू नाजूक, थेट पिळला तर डोकंच तुटतं. म्हणून आधी भोक पाडा, त्यात त्याच मापाचा स्टीलचा स्क्रू फिरवून काढा, मगच पितळी लावा.

मग दांड्याच्या टोकाला पातं घट्ट बसेल एवढीच खाच कापा आणि इपॉक्सी लावून पातं बसवा. ते पूर्ण सुकू द्या. घाई नको, राव!

आता टेस्टिंग

गुण्या बरोबर आहे हे तपासायला दुसरा गुण्या आणायचा? मग तो कोण तपासणार? ऑफिसात माझं काम टीम लीड तपासतो, त्याचं मॅनेजर, मॅनेजरचं आणखी कुणीतरी. इथे तशी साखळी लागतच नाही.

सरळ कडेची एक फळी घ्या. दांडा कडेला दाबून पात्याच्या बाहेरच्या कडेने टोकदार पेन्सिलीची रेघ मारा. मग गुण्या पालथा करा, दांडा दुसऱ्या बाजूला जाईल. त्याच बिंदूतून, पात्याच्या त्याच कडेने पुन्हा रेघ मारा. दोन्ही रेघा एकावर एक पडल्या, तर काटकोन पक्का. फाकल्या, तर दिसणाऱ्या फरकाच्या निम्मी चूक गुण्यात आहे. कारण चूक एकदा डावीकडे झुकते, एकदा उजवीकडे, म्हणजे आपोआप दुप्पट होऊन समोर येते. कुठली रेघ कुठे झुकली ते बघा. पात्याचं टोक घासायचं की बूड, ते त्यावरून ठरतं. कानस हलक्या हाताने चालवा आणि पुन्हा दोन रेघा मारा. आतली कडही अशीच तपासा.

मला यातलं हेच सगळ्यात भावलं. आपण बरोबर आहोत का, हे कळायला दरवेळी वरचा साहेब लागत नाही. स्वतःला उलटं करून बघायची तयारी मात्र लागते. अप्रेझलच्या फॉर्मात हा कॉलम नसतो!

आणि हो, पावसाळ्यात लाकूड फुगतं. त्यामुळे दर दिवाळीच्या आसपास गुण्या बाहेर काढा आणि दोन रेघा मारून बघा. रेघा जुळल्या, तर पुस्तकं आणि शेल्फ गुण्यागोविंदाने नांदतील.