जुनी मर्सिडीज आणि उसाचे बिल



गेल्या वार्षिक सभेला आम्ही आमची जुनी मर्सिडीज मोटार घेऊन आलो, तेव्हा कारखान्याच्या गेटावर बरीच मंडळी भोवती जमली. निम्म्यांनी विचारले, "केवढ्याला घेतली?" राहिलेल्यांनी विचारले, "ॲव्हरेज किती देती?" दुरुस्तीला किती गेले, हे मात्र एकानेही विचारले नाही. पुढे कानावर आले, की आपल्यातल्या तिघा-चौघा सभासदांनी बिल जमा झाले की अशीच एखादी जुनी भारी मोटार उचलायची, असे मनात धरले आहे. म्हणून आमचा अनुभव काही झाकून न ठेवता येथे मांडत आहोत. घ्या किंवा घेऊ नका, असे आम्ही सांगत नाही. हिशेब मात्र आधी बघा.

मोह कसा झाला

आमच्या वडिलांच्या पिढीला मर्सिडीजचा तारा ट्रकच्या नाकावर माहीत होता. टेल्को आणि जर्मनीची डायमलर-बेंझ यांचा करार १९५४ साली झाला आणि जमशेदपूरला ट्रक तयार होऊ लागले. तो करार १९६९ साली संपला. त्या ट्रकांतून माल वाहिलेली माणसे आजही गावोगाव सापडतात. पुढे १९९४ साली याच दोघांनी मोटारींसाठी कंपनी काढली आणि १९९५ पासून पुण्याजवळ पिंपरीला मर्सिडीज मोटार जोडली जाऊ लागली. जर्मनीत १९८४ च्या अखेरीस बाहेर पडलेले ते मॉडेल. आमची मोटार त्यातलीच, १९९६ सालची, पाच सिलिंडरचे अडीच लिटर डिझेल इंजिन. नवी असताना आपल्यासारख्याने तिच्याकडे नुसते बघावे, अशी तिची किंमत होती. आम्हाला ती दोन लाख चाळीस हजारांना मिळाली.

भारी मोटारी एवढ्या स्वस्त का मिळतात, तेही समजून घ्यावे. नवी मोटार घेणारा माणूस नवीनच घेत राहतो, जुन्याला गिऱ्हाईक थोडे. त्यात दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना हरित न्यायाधिकरणाने २०१५ साली मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली ती उचलून धरली. त्यानंतर तिकडच्या पुष्कळ मोठ्या गाड्या ना-हरकत दाखला घेऊन बाहेरच्या राज्यांत स्वस्तात गेल्या. म्हणजे किंमत उतरते ती मोटारीची. तिच्या सुट्या भागांची किंमत उतरत नाही, आणि ते भाग एका वेळी एकच खराब होतील असेही नाही. हत्ती स्वस्त मिळाला म्हणून त्याचा चारा स्वस्त होत नाही.

दारात मोटार आणि आई शेजाऱ्याच्या जीपमध्ये

पहिले चार महिने मोटार रेशमासारखी चालली. मग सकाळी स्टार्टर लांबायला लागला. एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही, पण रात्रभर उभी राहिली की सकाळी नुसती घरघर. त्याच दिवसांत आईच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. सकाळी आठला दवाखान्यात पोचायचे, आणि साडेसहाला मोटार काही केल्या धरेना. बॅटरी उतरली. शेवटी शेजाऱ्याला हाक मारली. जीपमध्ये चढताना आई एवढेच म्हणाली, "दारात मोटार हाय म्हनत्यात सारी, आन् मी निघाली दुसऱ्याच्या जीपमधनं." ते बोलणे आम्हाला दुरुस्तीच्या बिलापेक्षा जड गेले.

मोटार टोचन करून शहरातल्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली. दोन दिवसांनी कागद हातात आला. डिझेल पंप बदलावा लागेल, खर्च एक लाख पंच्याऐंशी हजार. उसाच्या बिलातून ठिबकसाठी बाजूला काढलेले पैसे घरात होते. आमच्या घरातून विचारणा झाली, "ठिबक मोटारीला बसवताय का उसाला?" आमच्याकडे उत्तर नव्हते.

मिस्त्रींनी विचारलेला प्रश्न

मोटार परत आणली आणि तालुक्याला ट्रॅक्टरचे पंप-नोझल करणाऱ्या मिस्त्रींना दाखवली. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "मालक, रातच्याला तोंड उताराला करून लावली तर सकाळी धरती का?" आम्ही कधी करून बघितले नव्हते. त्या रात्री गोठ्यासमोरच्या उतारावर तोंड खाली करून लावली. सकाळी पहिल्या सेल्फला चालू!

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याच्या ध्यानात आलेच असेल. पंप चांगला होता, लाइन एअर धरत होती. डिझेलची टाकी मागे आणि इंजिन पुढे. कुठेतरी बारीक हवा शिरली, की रात्रीतून डिझेल मागे टाकीत उतरते आणि सकाळी पंपाला ओढायला हवाच मिळते. तोंड उताराला असले की टाकी वर राहते, म्हणून डिझेल मागे जात नाही. या इंजिनावर डिझेलचे छोटे पाइप पारदर्शक प्लॅस्टिकचे असतात आणि त्यांच्या टोकांना रबराच्या बारीक रिंगा असतात. मिस्त्रींनी बॅटरीचा उजेड पाडून पाइपातले बुडबुडे आम्हाला बोटाने दाखवले. रिंगा वयाने कडक झाल्या होत्या. यात मोटार बनवणाऱ्याचा दोष नाही. इतक्या वर्षांनी रबर कडक होणारच.

पाइप, रिंगा आणि मजुरी मिळून साडेआठ हजार रुपये लागले. एक लाख पंच्याऐंशी हजारांच्या जागी साडेआठ हजार! तेव्हापासून आमचा नियम झाला: मोठा भाग बदला असे कोणी म्हणाले, की आधी स्वस्त कारणे एकेक करून खोडून काढायची आणि दुसऱ्या माणसाचे मत घ्यायचे.

वय रबराला आधी गाठते

पण एका प्रसंगाने आम्ही जिंकलो असे समजू नका. रिंगा गेल्या, म्हणजे त्याच वयाचे बाकीचे रबरही गेलेले असणार. या मोटारीचे लोखंड दणकट आहे. टायमिंगला पट्टा नसून साखळी आहे. वय होते ते रबराचे, प्लॅस्टिकचे आणि पातळ पदार्थांचे. आम्ही त्या वर्षी जे बदलले ते असे:

गिअरबॉक्स आणि जॉइंट यांना जोडणारी जाड रबरी चकती. ही चिरली की वेग धरताना खालून धडधड येते, आणि तशीच चालवली तर तुटून आजूबाजूचे फोडते. इंजिनाखालची फाउंडेशन रबरे. पुढच्या चाकांचे बॉल जॉइंट आणि बुश. मागे प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत आणि प्रत्येकीला बुश, त्यामुळे तिथला खर्च दांड्या मोजून धरावा. रेडिएटर, कारण त्याच्या बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या असतात आणि जुन्या झाल्या की तडकतात. त्यात आधीच्या मालकाने बोअरचे पाणी भरलेले, आत सगळा क्षार. कूलंटच भरावा, बोअरचे पाणी कधीही नाही. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पिते, म्हणून दर दोन वर्षांनी बदलले पाहिजे. टायर नक्षी बघून घेऊ नयेत, वय बघावे. बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

पाचही ग्लो प्लगांची एक सूचना. ते कार्बनने जाम बसतात. थंड इंजिनात जोर लावला तर आतच मोडतात आणि हेड उतरवावे लागते. इंजिन तापवून, सावकाश सोडवावेत.

पहिल्या वर्षीचा एकूण खर्च एक लाख बासष्ट हजार झाला. ठिबक एक हंगाम पुढे ढकलले. ही चूक आम्ही मान्य करतो. दुसऱ्या वर्षी खर्च अडतीस हजारांवर आला. यात विमा आणि पासिंग धरलेले नाही. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची, पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. वीस वर्षांवरच्या मोटारीची ती फी ऑगस्ट २०२५ मध्ये दहा हजार रुपये झाली. पर्यावरण कर वेगळा.

पेट्रोल घेणाऱ्यांसाठी

त्याच काळात पिंपरीला याच मोटारीचे पेट्रोल मॉडेलही निघाले. ते बघून ठेवणाऱ्यांना एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. इथेनॉल हे आपल्या उसाचे लेकरू आहे, त्याने कारखान्यांना आधार दिला, म्हणून त्याच्याबद्दल अर्धे खरे बोलणे बरोबर नाही. पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण २०२५ साली वीस टक्क्यांवर गेले. १९९६ च्या मोटारीचे रबरी पाइप आणि सील या मिश्रणासाठी केलेले नाहीत. इथेनॉल पाणीही ओढते. म्हणून इंधनाचे जुने पाइप इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने ठेवू नये. जुन्या पद्धतीच्या इंजिनांत ॲव्हरेज सहा-सात टक्के कमी मिळेल, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच म्हटले आहे.

ऑफ सीझनचा धडा

आपला कारखाना हंगाम संपला की काय करतो? मिलचे रोलर उघडतो, बेअरिंगे बघतो, बॉयलरच्या नळ्या साफ करतो. मिल ऐन गाळपात बंद पडेल आणि मग बघू, असे कोणी म्हणत नाही, कारण तेव्हा ऊस रानात वाळत असतो. आम्ही मोटारीच्या बाबतीत नेमके तेच केले होते. मोडेपर्यंत थांबलो आणि आई जीपमधून गेली.

आता दर मे महिन्यात मोटार मिस्त्रींकडे चार दिवस असते, मोडलेली असो वा नसो. खर्चाची वेगळी वही आहे. ठिबक, बेणे, खते, सोसायटीचा हप्ता, पोरांची फी हे सगळे भागल्यावर जे उरते त्यातूनच तिचा खर्च होतो. मोटार दोन महिने उभी ठेवायची नाही, कारण शेडात उंदीर वायरी कुरतडतात आणि बसून राहिलेले रबर लवकर जाते.

घेऊ पाहणाऱ्या सभासदांना एवढेच सांगणे, की मोटारीच्या किमतीएवढीच रक्कम पहिल्या दोन वर्षांच्या दुरुस्तीसाठी हातात असेल तर जरूर घ्या. चालवायला तिच्यासारखी मोटार नाही. आणि ती रक्कम ठिबकच्या पैशातून काढावी लागणार असेल, तर आमची मोटार गेटावर बघा, हवे तर एक चक्कर मारा, आणि घरी जाऊन ठिबक बसवा.

आईच्या दुसऱ्या डोळ्याचे ऑपरेशन पुढच्या वर्षी झाले. त्या सकाळी मोटार पहिल्या सेल्फला चालू झाली. आई मागच्या सीटवर बसली, काच खाली करून घेतली आणि म्हणाली, "चल, हळू घे."