चार ऋतू, दोन चित्रकार

आपल्या पंचांगात वर्षाचे सहा ऋतू सांगितले आहेत. युरोपात मात्र वसंत, ग्रीष्म, शरद आणि शिशिर असे चारच ऋतू मानतात. तेथील चित्रकारांना या ऋतुचक्राचे फार आकर्षण वाटत आले आहे. चार ऋतूंची चार चित्रे काढावयाची आणि त्यांनी एखादे घर सजवावयाचे, ही प्रथा फ्रान्समध्ये दीर्घकाळ रूढ होती. अशा दोन चित्रमालिकांची ओळख आपण करून घेऊ. दोहोंचा देश एक आणि विषयही एकच; परंतु दृष्टी मात्र किती निराळी!

पहिली मालिका फ्रान्स्वा बूशे याने १७५५ साली रंगविली. राजा पंधरावा लुई याच्या दरबारात माडाम द पाँपादूर या स्त्रीचे मोठे वजन होते. तिच्यासाठी ही चित्रे तयार झाली. त्या काळी श्रीमंतांच्या वाड्यांत भिंती नक्षीदार लाकडी फळ्यांनी मढवीत आणि दाराच्या चौकटीवर उरलेल्या जागेत, तिच्या मापाचे चित्र बसवीत. बूशेची ही चित्रे बहुधा अशाच जागांसाठी असावीत. दारावरचे चित्र मान उंचावून, खालून पाहावे लागते. त्यामुळे बारीकसारीक तपशिलापेक्षा ठळक आकृती आणि उजळ रंग हेच तेथे शोभून दिसतात.

बूशेच्या वसंतात एक तरुण आपल्या सखीच्या केसांत फुले माळीत आहे. ग्रीष्मात काही स्त्रिया पाण्याच्या काठी विसावल्या आहेत. शरदात द्राक्षे पिकली आहेत आणि एक युवक ती एका युवतीला देत आहे. शिशिरात बर्फावरून घसरगाडी चालली आहे. तीत केसाळ कातड्याच्या ऊबदार वस्त्रांतील एक सुंदर स्त्री बसली असून एक पुरुष ती गाडी मागून ढकलीत आहे. गुलाबी, फिकट निळा, मोतिया असे कोमल रंग सर्वत्र पसरले आहेत. अशा चित्रांना गोपजीवनाची चित्रे म्हणतात. पण नीट न्याहाळून पाहा. यांतील कोणाच्या पायाला चिखल लागलेला नाही, कोणाच्या कपाळावर घाम नाही. रानात वावरणाऱ्या या मंडळींची वस्त्रे रेशमी आहेत! ऋतू येथे कामाचा नाही, केवळ विहाराचा आहे.

त्याच काळी फ्रान्समधील खरा शेतकरी करांच्या ओझ्याखाली वाकला होता. सरदार आणि उमराव यांना मात्र त्यांपैकी बऱ्याच करांतून सूट होती. दरबारी मंडळींना गोपाळांचे निश्चिंत जीवन चित्रांत फार आवडे. खऱ्या गोपाळाला मात्र त्या चित्रांत जागा नव्हती. पुढे १७८९ साली फ्रान्समध्ये राज्यक्रांती झाली आणि ते जुने दरबारी जग लयास गेले.

दुसरी मालिका झाँ फ्रान्स्वा मिले याची. १८१४ साली नॉर्मंडी प्रांतातील ग्रुशी या खेड्यात, शेतकऱ्याच्या घरी त्याचा जन्म झाला. लहानपणी त्याने वडिलांच्या शेतात काम केले होते. १८४९ पासून तो बार्बिझाँ या गावी राहू लागला. १८६८ मध्ये फ्रेडरिक हार्टमान या उद्योगपतीने त्याला चार ऋतूंची चित्रे काढावयास सांगितले.

मिलेच्या वसंतात नुकतीच सर येऊन गेली आहे. काळ्या ढगांवर इंद्रधनुष्य उमटले आहे, फळझाडे मोहरली आहेत आणि दूर एका झाडाखाली एक इवलीशी मनुष्याकृती आडोशाला उभी आहे. ग्रीष्मात पिकाची कापणी चालली आहे. पुढे स्त्रिया पेंढ्या गोळा करीत आहेत, तर मागे पुरुष रिंगण करून धान्य झोडपीत आहेत. शरदात पीक निघून गेले आहे. गवताच्या प्रचंड गंजींपाशी मेंढ्या चरत आहेत आणि पलीकडे गावाची छपरे दिसत आहेत. शिशिरात मोळ्यांच्या भाराने वाकलेल्या स्त्रिया उघड्याबोडक्या रानातून चालल्या आहेत. या चित्रात घसरगाडी नाही; थंडी निवारण्यासाठी सरपण वाहणारे खांदे तेवढे आहेत. हे शेवटचे चित्र अपुरेच राहिले. २० जानेवारी १८७५ रोजी, ऐन शिशिरातच, मिलेचे निधन झाले.

बूशेची चारही चित्रे आज न्यूयॉर्क येथील फ्रिक संग्रहालयात एकत्र आहेत. मिलेचे कुटुंब मात्र विखुरले: वसंत पॅरिसला, ग्रीष्म बॉस्टनला, शरद न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आणि शिशिर वेल्समधील कार्डिफ येथे.

मग यांत श्रेष्ठ कोण? बूशेचा हात कुशल होता. त्याचे रंग आजही मन प्रसन्न करतात. दार सजविण्याचे काम त्याच्याकडे आले होते आणि ते त्याने उत्तम केले. त्याला दोष देणे उचित नव्हे. परंतु वसंतातील फुले ज्याला दिसली त्याने एक ऋतू पाहिला, आणि त्या फुलांखालची ओली माती व तीत राबणारा माणूसही ज्याला दिसला त्याने तोच ऋतू पुरतेपणी पाहिला. म्हणून कोणतेही सुंदर चित्र पाहताना आपण स्वतःला एक प्रश्न विचारावा: यात कोण दिसत आहे, आणि कोण दिसत नाही? हा प्रश्न विचारण्याची सवय ज्याला लागली, त्याला चित्र पाहावयास येऊ लागले असे समजावे.