शिपायाची परजिल्हा बदली

महाराष्ट्रात पोलीस शिपायाची नेमणूक विशिष्ट जिल्ह्याच्या वा आयुक्तालयाच्या आस्थापनेवर होत असल्याने, मुंबईत भरती झालेल्या साताऱ्याच्या शिपायास वृद्ध मातापित्यांसाठी स्वजिल्ह्यात जावयाचे झाल्यास दोन्ही घटकप्रमुखांची नाहरकत, तिकडील रिक्त पद आणि वरिष्ठांची मंजुरी हे सारे जुळून यावे लागते. हुकूम होऊन तो कार्यमुक्त झाला, की सेवापुस्तक त्याच्यामागून नव्या कचेरीत जाते. सेवा खंडित होत नाही, परंतु बदली विनंतीवरून असल्यामुळे ज्येष्ठतासूचीत त्याचे नाव तळाशी लागते आणि हवालदारीची पाळी लांबणीवर पडते. कुटुंबासाठी द्यावी लागणारी ही किंमत मला फार जड वाटते. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्याचे संवर्गांतर मात्र १९५४ च्या संवर्ग नियमांनुसार, संबंधित राज्यांच्या संमतीने, केंद्र सरकार करते.