विश्लेषण : शिक्षकांना संगणकाची धास्ती का वाटते?

राज्यात २०१५ पासून विद्यार्थ्यांची माहिती ‘सरल’ प्रणालीत भरली जाऊ लागली. ‘यू-डायस’, ‘शालार्थ’ही आहेतच. तरीही अनेक शिक्षक संगणकासमोर बसायला कचरतात.

ही धास्ती म्हणजे काय?
संगणक वापरताना, किंवा वापरावा लागणार या नुसत्या विचारानेही येणारा ताण. तो मोजणारी प्रश्नावली मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्येच तयार केली. ‘एमएस-सीआयटी’ उत्तीर्ण शिक्षकालाही ही धास्ती वाटू शकते.

कारणे कोणती?
पहिले, सराव नाही. प्रशिक्षण एक-दोन दिवसांचे. शाळेत संगणक एखाददुसरा, तोही वीज असेल तर. दुसरे, चुकीची किंमत. आधारची नोंद जुळली नाही, तर विद्यार्थी पटावर असूनही संचमान्यतेत धरला जात नाही आणि शिक्षकाचे पदच अडचणीत येते. तिसरे, प्रतिष्ठा. मोबाइलवर सराईत असलेल्या मुलांसमोर अडखळणे नको वाटते.

उपाय काय?
सहकाऱ्याच्या मदतीने शाळेतच रोज थोडा सराव, नोंदी दुरुस्त करण्याची सोपी सोय आणि वर्गात शिकवण्यासाठी वापर. संगणकाशी गाठ फक्त माहिती भरण्याच्या शेवटच्या तारखेलाच पडत असेल, तर धास्ती जाणार कशी?