शिवराम वाशीकर : पटकथाकार आणि त्याची भाषा

मराठी वाङ्मयाच्या इतिहासात चित्रपटलेखकांची दखल घेतली जाते, ती बहुधा ते कादंबरीकार किंवा नाटककार म्हणून आधीच प्रसिद्ध असतात म्हणून. वि. स. खांडेकर यांच्या 'छाया'चा (१९३६) किंवा अत्रे यांच्या 'ब्रह्मचारी'चा (१९३८) उल्लेख होतो; 'प्रभात'च्या 'कुंकू'च्या (१९३७) निमित्ताने ना. ह. आपटे यांच्या मूळ कादंबरीचाही होतो. शिवराम वाशीकर यांचे तसे नाही. 'संत तुकाराम' (१९३६), 'गोपालकृष्ण' (१९३८), 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) आणि 'रामशास्त्री' (१९४४) या चित्रपटांचे लेखन त्यांचे. परंतु ते पडद्यासाठी झाले, आणि पडद्यावरचे लेखन नटाच्या मुखातून ऐकले जात असल्याने लेखकाचे म्हणून ध्यानात राहत नाही.

'प्रभात' ही १९२९ साली कोल्हापुरात स्थापन झालेली व १९३३ मध्ये पुण्यास आलेली संस्था. मूकपटात लेखकाचा शब्द पाटीपुरता होता. १९३२ च्या 'अयोध्येचा राजा'पासून तेथे तो बोलू लागला. मात्र आरंभीचे बोलणे रंगभूमीचे होते : पल्लेदार, दूरच्या प्रेक्षकापर्यंत पोहोचविण्याचे. 'संत तुकाराम'मध्ये या भाषेचा वापर वाशीकरांनी मोठ्या मार्मिकपणे केला आहे. चित्रपटाच्या आरंभी तुकाराम अभंग म्हणतो, आणि लगेच तोच अभंग सालोमालो आपला म्हणून नाटकी थाटात गातो. शब्द तेच, उच्चार, हेल आणि ठेका निराळा. चोरी कोणाची, हे सांगण्यास वेगळ्या संवादाची गरजच उरत नाही.

दुसऱ्या टोकाला आवली आहे. संसाराचा भार वाहणाऱ्या कुणबी स्त्रीची तिची बोली शिवराळ, तुटक आणि नेमकी आहे. मूल आजारी पडल्यावर ती वहाण उचलून थेट विठोबावर धावून जाते. या प्रसंगी तिच्या तोंडी प्रमाण भाषा घातली असती, तर तो देवाचा उपमर्द ठरला असता. तिच्या बोलीत ते घरच्या माणसाशी केलेले भांडण ठरते. गौरी या नटीच्या सहज अभिनयाचे श्रेय कमी न करताही असे म्हणावयास हरकत नाही की, भक्तीचा चित्रपट भाबडा होण्यापासून आवलीच्या भाषेने वाचविला.

कथेची सामग्री महिपतीच्या संतचरित्रांची परंपरा पुरवीत होती. रचनेचा नमुना मात्र कीर्तनाच्या अधिक जवळचा दिसतो. बीड जिल्ह्यातील नारायणगडावर, ज्याला धाकटी पंढरी म्हणतात, किंवा कोणत्याही वारकरी फडावर निरूपणासाठी एक अभंग घेतला जातो. दृष्टांत आणि इतर संतवचने त्याच्याभोवती येतात. 'संत तुकाराम'मध्येही प्रसंग अभंगाकडे वाहत जातो आणि अभंगानंतर कथा पुढे सरकते. गाणे येथे विसावा नसून प्रसंगाची परिणती आहे. अक्षरओळख नसलेल्या श्रोत्यालाही ही रीत कानाने परिचित होती. चित्रपट मुंबईत वर्षाहून अधिक काळ चालला, त्याच्या कारणांत हेही एक धरावे लागेल. १९३७ साली व्हेनिस येथील महोत्सवात त्याचा गौरव झाला. तेथील प्रेक्षकांना अर्थातच हा कानाचा संस्कार नव्हता.

यातून एक अडचणही उद्भवली. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेले एक पद अनेकांनी तुकोबांचेच मानले, आणि ते गाथेत शोधण्याचेही प्रयत्न झाले. अनुकरण यशस्वी झाले की अनुकर्ता पुसला जातो. वाशीकरांचे संवाद दामले-फत्तेलाल यांचे दिग्दर्शन, पागनिसांचा स्वर आणि गौरीचा अभिनय यांत असेच मिसळून गेले आहेत. ते वेगळे काढावयाचे, तर चित्रफीत समोर ठेवून पात्रागणिक शब्द, क्रियारूपे व हेल यांची नोंद करणे हाच मार्ग उरतो. आणि बोलींच्या अभ्यासकाला १९३६ सालची ध्वनिमुद्रित मराठी, ती रचलेली असली तरी, इतक्या विविध स्तरांत इतरत्र क्वचितच मिळेल.