सुईने बरं वाटलं, म्हणजे दुखणं खोटं होतं का?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी अंतर्गत कर्ज मागितलं. रक्कम दोन हजार, कारण कंबरदुखी. कापूस वेचणीत कंबर धरते, मग त्या तालुक्याला जाऊन सलाईन आणि सुई घेतात. "आठ-दहा दिवस बरे जातात बाई, मग पुन्हा तेच," त्या म्हणाल्या. मी शहाणपणा करायला गेले आणि बोलून बसले, "ताई, सलाईनमध्ये मिठाचं पाणी असतं. बरं वाटतं ते मनाचं." ताई गप्प झाल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मी ढोंग करते होय?"

मी त्यांची माफी मागितली. पण नीट उत्तर द्यायचं राहिलं होतं, म्हणून हा लेख.

लेकरू पडतं, आई जवळ घेऊन फुंकर घालते आणि रडणं थांबतं. खरचटलेलं तेवढंच असतं. लेकराचं रडणं खोटं नव्हतं आणि त्याला बरं वाटलं तेही खोटं नाही.

आपल्या कंबरेचं, गुडघ्याचंही तसंच आहे. दुखऱ्या जागेवरून निरोप मेंदूकडे जातो आणि किती दुखायचं ते मेंदू ठरवतो. ठरवताना तो बाकीचंही बघतो. झोप झाली का, काळजी आहे की धीर आहे, समोरचा माणूस आपलं ऐकतोय का. 'आता बरं वाटेल' अशी खात्री वाटली की मेंदू शरीरातलीच दुखणं कमी करणारी रसायनं सोडतो. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. औषध नसलेल्या गोळीने किंवा सुईने असा आराम मिळतो, त्याला प्लासिबो परिणाम म्हणतात.

अमेरिकेत ह्यूस्टन शहरात गुडघे झिजलेल्या १८० जणांवर एक अभ्यास झाला. तो २००२ साली प्रसिद्ध झाला. काहींच्या गुडघ्यात दुर्बीण घालून आतून साफसफाई केली, तर काहींना वरवर नुसती चीर दिली. असंही होऊ शकतं हे सगळ्यांना आधी सांगितलं होतं, पण कोणाचं काय केलं ते सांगितलं नाही. दोन वर्षं लक्ष ठेवलं, तरी खऱ्या ऑपरेशनवाल्यांना जास्त आराम पडला असं दिसलं नाही.

दुसरा अभ्यास २०१६ चा, पोर्तुगालमधला. जुनी कंबरदुखी असलेल्यांना डॉक्टरांनी नीट बसून समजावलं, "या गोळीत औषध नाही, तरी शरीर कधी कधी साथ देतं." नेहमीचे उपचार चालूच होते. तीन आठवड्यांत गोळी घेणाऱ्यांचं नेहमीचं दुखणं सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं, न घेणाऱ्यांचं ९ टक्क्यांनी.

मग सुई घेतच राहायची का? नाही. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

एक, दुखणं आपोआपही चढतं-उतरतं. फार चढलं की आपण सुईला पळतो. ते उतरणारच असतं, पण नाव सुईचं होतं.

दोन, सुईत काय आहे ते विचारा आणि कागदावर लिहून घ्या. कधी कधी त्यात स्टेरॉइड असतं. ते वारंवार घेतलं तर रक्तातली साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. दुखण्याच्या गोळ्याही रोज खाल्ल्या तर पोटाला आणि किडनीला त्रास होतो.

तीन, शब्दानेही दुखणं वाढतं. "तुझा मणका गेला, आता काही खरं नाही," असं ऐकलं की बाई घाबरते, हालचाल बंद करते आणि अंग जास्तच आखडतं. असं कोणालाही बोलू नका.

धीर आणि ऐकून घेणं याला पैसे पडत नाहीत. ते आपल्या बैठकीतही मिळतं. त्याच्या जोडीला शेक, झेपेल तेवढं चालणं आणि फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम ठेवा.

पण धीराने मोडलेलं हाड जुळत नाही. पडल्यावर दुखायला लागलं, सोबत ताप आहे, वजन उतरतंय, पायातली ताकद गेली, मांड्यांमध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-संडासवर ताबा राहिला नाही, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

या महिन्यात त्या ताईंना मी फुंकरीची गोष्ट सांगितली. त्या हसल्या. म्हणाल्या, "तरीच बैठकीला आले की कंबर हलकी वाटते." कर्जाचा अर्ज त्यांनी मागे घेतलेला नाही. पण आधी ग्रामीण रुग्णालयात दाखवते, मग सुईचं बघू, असं ठरलंय. मी सोबत जाणार आहे.

तुमची,
क्षेत्र समन्वयक